घरी राहिलेली बाटली

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या जिन्यात पाटी लागली. ‘गच्चीत शेवाळ वाढवू नये. आढळल्यास पूर्वसूचना न देता काढून टाकण्यात येईल.’ आमचे सेक्रेटरी निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्या पाटीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक शोधून दाखवावी. पाटी सगळ्यांसाठी असली तरी बिल्डिंगमधल्या २४ बिऱ्हाडांपैकी ती नेमकी कोणासाठी आहे हे दूधवाल्यालासुद्धा माहीत होतं. त्याने विचारलंच, “काकू, शेवाळ कशाला वाढवताय?”

बलूनमधून तीस किलोमीटर वर पाठवायचंय म्हणून, असं मी खरं ते सांगितलं. तो हसला आणि अर्धा लिटर ठेवून गेला.

झालं असं, की माझी भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने आणि आणखी चौघांनी मिळून एक प्रयोग ठरवला होता. हवामान खातं सोडतं तसा रबरी बलून सोडायचा, त्याखाली थर्मोकोलच्या खोक्यात स्पिरुलिना या पाण्यात वाढणाऱ्या हिरव्या सूक्ष्मजीवाच्या नळ्या ठेवायच्या, आणि खाली आल्यावर आतलं जिवंत आहे का ते बघायचं. चौघांना सर्किट जोडता येत होतं, जीपीएसचा ट्रॅकर बसवता येत होता, बार्शीच्या एका मुलाला तर पॅराशूट शिवता येत होतं (वडिलांचं टेलरिंगचं दुकान). पाचवी मुलगी मायक्रोबायोलॉजीची. पण हिरवं काही वाढवायला जागा कोणाकडेच नव्हती. होस्टेलवर एक बाटली ठेवली होती, ती रूममेटने काढा समजून ओतून दिली. मग भाचीला मावशी आठवली. मावशीने पुण्यातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली आहेत, आणि मावशीच्या बिल्डिंगला गच्ची आहे.

गच्चीचा वाटा मोठा असावा असा मला संशय आहे.

माझं पद प्रयोगशाळा सहायक. म्हणजे काचसामान धुणं, ऑटोक्लेव्ह (निर्जंतुक करायचा मोठा कुकर) लावणं, मीडिया म्हणजे जीव वाढवायचं खाद्यपाणी बनवणं, आणि प्राध्यापक मीटिंगला गेले की मुलांना स्लाइड कशी बघायची ते दाखवणं. त्यामुळे स्पिरुलिना माझ्यासाठी नवा नव्हता. सोशिक जीव. वनस्पती नव्हेच खरं तर. प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू, शास्त्रीय नाव आर्थ्रोस्पायरा. मायक्रोस्कोपखाली वहीच्या स्पायरलसारखा पिळदार धागा दिसतो आणि जिवंत असला तर हळूहळू सरकतो, स्वतःभोवती फिरतो. लिटरभर पाण्यात सोळा-सतरा ग्रॅम खायचा सोडा, बाकी क्षार चिमटी-चिमटीने. पीएच नऊ-दहाच्या आसपास. इतक्या अल्कधर्मी पाण्यात आगंतुक फारसे तग धरत नाहीत, म्हणून तर तो घरच्या गच्चीत जमतो. पाच-पाच लिटरच्या तीन लोणच्याच्या बरण्या, फिश टँकच्या दुकानातला पंप, तोंडाला मलमल. त्याला ऊब लागते, तीस-पस्तीस अंश. पुण्याच्या डिसेंबरात पहाटे ती कुठून आणायची? मग रोज रात्री बरण्या खाली आणून ओट्याखाली, गोणपाटात गुंडाळून. हे म्हणाले, “पोरांच्या वेळी एवढं केलं नव्हतंस.”

सेक्रेटरींचा मुद्दा डासांचा होता. मलमल बांधल्यावर डास आत कुठून जाणार, हे त्यांना पटलं. मग मी उगाच पुढे गेले. मराठीत शेवाळ हा शब्द फार ऐसपैस आहे, म्हटलं. विहिरीतलं तेही शेवाळ, पावसाळ्यात गच्चीवर पाय घसरवणारं तेही, सिंहगडाच्या दगडांवरची हिरवी मखमल तीही शेवाळच. पुस्तकात मात्र शैवल वेगळं, शेवाळी वेगळी, आणि बरणीतलं हे दोन्हींत बसत नाही.

“म्हणजे पाटीत शब्द चुकला?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी पाटी निघाली होती.

अंतराळात हिरवं न्यायचं कशाला, हा प्रश्न मात्र रास्त आहे. माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तो किलोभर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. चार दिवसांच्या सहलीला टाक्या नेता येतात. मंगळापर्यंत जाऊन-येऊन दोन-तीन वर्षं काढायची तर सोडलेला श्वास परत वापरायचा करून देणारं कोणीतरी सोबत हवं. ही कल्पना जुनी आहे. सायबेरियात क्रास्नोयार्स्कला १९७२-७३ मध्ये तीन माणसं सहा महिने एका बंद घरात राहिली होती, गव्हाच्या आणि क्लोरेला नावाच्या शैवलाच्या भरवशावर. बायोस-३ त्या घराचं नाव. युरोपचा मेलिसा प्रकल्प १९८९ पासून चालू आहे, त्यात हाच स्पिरुलिना आहे. आणि २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर १८ दिवस राहून आले, तेव्हा त्यांच्या प्रयोगांतही सूक्ष्मशैवलं होती. टीव्हीवर ते दिसलं आणि माझ्या भाचीच्या डोक्यात बलून शिरला.

बलून अंतराळात जात नाही. अंतराळ शंभर किलोमीटरपासून धरतात, बलून तिसाच्या आसपास फुटतो. पण तीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या एक टक्क्याच्या आसपास उरतो, ओझोनचा बराचसा थर पायाखाली राहतो, आणि वाटेत सोळा-सतरा किलोमीटरला उणे सत्तर-ऐंशीची थंडी लागते. कॉलेजच्या मुलांना याहून स्वस्तात रंगीत तालीम मिळणार नाही.

पुणेकराला तसं बलूनचं नवल नसावं. लहानपणी मला वाटायचं, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात सिमल्याची सफरचंदं मिळतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण नाव बसस्टॉपला चिकटून राहिलं. जगभरच्या वेधशाळा ठरलेल्या घटकेला बलून सोडतात, आपल्याकडे साडेपाचच्या हिशोबाने, पहाटे आणि संध्याकाळी. खाली लोंबणारी ती पांढरी डबी कोणाच्यातरी शेतात पडते आणि मग गावात तासभर चर्चा.

पण बलून म्हटलं की मला नारळीकर सर आठवतात. पुण्यात आयुका ही संस्था उभी करणारे हे खगोलशास्त्रज्ञ एका प्रयोगासाठी मात्र जंतूंच्या मागे लागले होते. हैदराबादहून २००१ आणि २००५ मध्ये मोठे बलून सोडून त्यांच्या गटाने ४१ किलोमीटरपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. दुसऱ्या वेळचे नमुने तपासले हैदराबादच्या सीसीएमबीने आणि आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसने, दोन्ही पेशींवर संशोधन करणाऱ्या संस्था. २००५ च्या उड्डाणातून तीन नव्या जातीचे जीवाणू मिळाले, ते २००९ मध्ये जाहीर झाले. एकाचं नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यावरून, एकाचं इस्रोवरून, एकाचं आर्यभटावरून. हे पृथ्वीबाहेरून आले असं यातून सिद्ध होत नाही, हेही तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. मला त्यातलं हे शेवटचं वाक्य सगळ्यांत आवडतं. कारण असल्या प्रयोगात पहिला प्रश्न हाच असतो: वर सापडलं ते वरचंच कशावरून? इथूनच चिकटून गेलं नसेल कशावरून?

आमची मुलं उलट बाजूने चालली होती. ती इथलं वर नेत होती. पण प्रश्न तोच. वर जाऊन मेलं, तर वर गेल्यामुळे मेलं कशावरून?

त्याकडे वळायच्या आधी दोन गमती सांगते.

मुलांनी नळ्यांची झाकणं नुसती हाताने फिरवून लावली होती. मी औषधाच्या दुकानातून वीस मिलीची सिरिंज आणली, तिच्यात थोडं कोमट पाणी ओढलं, तोंडावर बोट दाबलं आणि दट्ट्या मागे खेचला. आतला दाब उतरला आणि कोमट पाण्याला उकळी फुटली. हात न भाजता. लॅबमध्ये ही युक्ती दर वर्षी पहिल्या तासाला दाखवायचे. तीस किलोमीटरवर दहा अंशांचं पाणीसुद्धा उकळू शकतं. झाकण सैल असेल तर तुमचा स्पिरुलिना आधी उकळेल आणि मग वाळेल, म्हटलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग झाकणांना टेफ्लॉनची टेप, प्लंबर नळाला गुंडाळतो ती.

दुसरी गंमत त्यांनीच शोधली. उबेसाठी ट्रेकवाले खिशात ठेवतात त्या गरम पुड्या त्यांनी मागवल्या होत्या. रात्री अकराला भाचीचा फोन. “मावशी, त्या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते. ती गंजते म्हणून गरम होते. वर गंजायला हवाच नाही!” शेवटी पिशव्यांत अर्धा लिटर कोमट पाणी भरून ते नळ्यांभोवती रचलं. पाण्यासारखी ऊब धरून ठेवणारं दुसरं स्वस्त काही नाही.

वाळवून का नाही पाठवत, हा वाद दोन संध्याकाळी चालला. त्यात दम होता. आपल्या सह्याद्रीच्या कातळांवर कितीतरी झाडं उन्हाळ्यात वाळून काडी होतात आणि पहिल्या पावसात उठून उभी राहतात. आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदल्या आहेत. (आघारकर संशोधन संस्था आगरकर रस्त्यावर आहे. रिक्षावाल्याला हे समजावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.) जपानी संशोधकांनी तर हरितेचे, म्हणजे दगडांवरच्या त्या हिरव्या मखमलीचे, बीजाणू अंतराळ स्थानकाच्या बाहेर नऊ महिने ठेवले आणि त्यातले ८० टक्क्यांहून जास्त रुजले. पण वाळलेला जीव वाटेत श्वास देत नाही. तो नुसता पोचतो. मायक्रोबायोलॉजीची मुलगी म्हणाली, “आपल्याला पार्सल नको, सोबत हवी.” ठरलं, ओलंच न्यायचं.

आता कंट्रोल.

पूर्वी रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणायचे. लॅबमधला कंट्रोल वेगळा. जिच्यावर प्रयोग करत नाही, ती बाटली. बाकी सगळं तिला तसंच द्यायचं; तेच पाणी, तोच दिवस, तीच हाताळणी. ज्या एका गोष्टीचा तपास करायचा तेवढी फक्त द्यायची नाही. तिच्याकडे कोणी बघत नाही, फोटो काढत नाही. ती दगावली की दुसऱ्या बाटलीचं काय झालं ते सांगायची सोय उरत नाही.

हे मी शिकले ते एका शनिवारी. नव्वदचं दशक. पीएचडी करणारी एक मुलगी खिडकीशी आठ फ्लास्क ठेवायची. पाचांवर लेबल होतं. तिघांवरची शाई ओघळून गेली होती. शनिवारी मी ओटा आवरताना ते तीन धुऊन उपडे घातले. सोमवारी ती आली, फ्लास्क मोजले, आणि स्टुलावर बसली. ओरडली नाही, रडलीही नाही. आठ महिन्यांचं काम होतं. मला म्हणाली, “जाऊ दे ताई, लेबल मीच नीट लावायला हवं होतं.” त्या दिवसापासून मी कागदी टेपवर पेन्सिलीने लिहिते. पेन्सिल पाण्याने जात नाही.

म्हणून मी मुलांना तीन खोकी करायला लावली. प्रत्येकात सहा नळ्या, तीन फॉइलमध्ये गुंडाळलेल्या, तीन पारदर्शक खिडकीशी. पहिलं खोकं उडणार. दुसरं गाडीतून उड्डाणाच्या जागेपर्यंत, सोलापूरकडच्या मोहोळपर्यंत जाणार, पण जमिनीवर राहणार. म्हणजे मोहोळच्या रस्त्यावरचे खड्डे आणि स्पिरुलिना यांचा संबंध कळेल. तिसरं माझ्या गॅलरीत. थंडीचा परिणाम वेगळा काढायचा तर चौथं खोकं फ्रीजरमध्ये हवं होतं. पण जानेवारी महिना, फ्रीजरमध्ये सहा किलो सोललेला मटार होता, आणि तो बाहेर काढायला मी तयार नव्हते. शास्त्राचं तेवढं नुकसान माझ्यामुळे झालं.

परवानग्यांत दोन महिने गेले. आकाशही कोणाचं तरी असतं, हे मुलांना तेव्हा कळलं.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी मोहोळच्या पलीकडच्या माळावरून फोन आला, “मावशी, सोडला!” मी गॅलरीत माझं खोकं बंद केलं, खिडकी उन्हाकडे केली आणि वहीत वेळ लिहिली. मग चहा. तिकडे मुलं माना वर करून उभी असणार. दोन मीटरचा बलून वर जाता जाता फुगत सात-आठ मीटरचा होतो आणि मग रबर हार मानतं. इकडे माझं खोकं गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी स्वस्थ बसलं होतं. भांडीवाली बाई येऊन गेली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. दर अर्ध्या तासाने मी तापमान लिहीत होते, आणि इतकं काहीही न घडणं इतक्या काळजीने मी कधी लिहून ठेवलं नव्हतं.

८ वाजून ५२ मिनिटांनी तो फुटला, २९ किलोमीटरच्या जरा खाली. वरच्या पश्चिमेच्या वाऱ्याने खोकं अक्कलकोटच्याही पुढे नेलं, कर्नाटकच्या हद्दीत, एका तुरीच्या शेतात. मुलं दुपारी दीडला पोचली. शेतकरीदादांनी खोकं उचलून कडुनिंबाच्या सावलीत ठेवलं होतं आणि वर ओलं पोतं टाकलं होतं. कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, “आत पाण्याच्या पुड्या दिसल्या बघा. म्हटलं मासे असतील. मरतील की उन्हात.”

त्या वेळी दुसरं खोकं मोहोळच्या माळावर, काचा लावलेल्या गाडीत, मागच्या सीटवर उन्हात होतं. झाकण उघडं होतं, कारण आयत्या वेळी कोणीतरी त्याच्या तापमान नोंदणाऱ्या लॉगरच्या बॅटऱ्या ट्रॅकरसाठी काढून घेतल्या होत्या. सगळे जीप घेऊन बलूनच्या मागे धावले. खोक्यात कोणी पाहिलं ते संध्याकाळी साडेपाचला.

रात्री उशिरा माझ्या डायनिंग टेबलवर अठरा नळ्या उभ्या राहिल्या. उडून आलेल्या सहांपैकी एकीची टेप सुटली होती. तळाशी हिरवी खपली, कडेला पांढरं क्षाराचं वर्तुळ. सिरिंजची उकळी. बाकीच्या पाच हिरव्यागार. खोक्यातलं तापमान साडेसहा अंशांच्या खाली गेलंच नव्हतं. माझ्या गॅलरीतल्या सहाही हिरव्या. आणि गाडीतल्या सहा निळ्या.

हे निळं ज्याने पाहिलं नाही त्याला सांगायला हवं. स्पिरुलिनाच्या पेशीत हिरव्याच्या जोडीला एक निळं रंगद्रव्य असतं, फायकोसायनिन. पेशी धड असेपर्यंत ते आत असतं. पेशी फुटली की पाण्यात उतरतं. मेलेला गाळ तळाशी पिवळट होऊन बसतो आणि वरचं पाणी शाईच्या दौतीत कुंचला बुडवल्यासारखं निळं होतं. दिव्याखाली धरलं तर त्याला लालसर झाक येते. फार सुंदर दिसतं. मायक्रोबायोलॉजीच्या मुलीने ती नळी बराच वेळ हातात धरली होती.

दुसऱ्या दिवशी ताज्या मीडियात लावलं. फॉइलमधल्या उडालेल्या नळ्या माझ्या घरच्यांच्या बरोबरीने वाढल्या. खिडकीशी असलेल्या दोन दिवस मागे राहिल्या. हा उशीर अतिनील किरणांमुळे, की गारठ्यात कडक ऊन खाल्ल्यामुळे? थंडीचा कंट्रोल असता तर थोडं तरी सांगता आलं असतं. मी मटार पनीर केलं आणि गप्प बसले.

भांडण झालं ते निकालांच्या तक्त्यावरून. बार्शीचा मुलगा म्हणाला, गाडीतली ओळ गाळूया. ती काही आपल्या प्रयोगाचा भाग नाही, ती चूक आहे. भाचीलाही ते बरं वाटत होतं. मी त्यांना स्टुलावर बसलेल्या मुलीची गोष्ट सांगितली. माझी बाजू मी फार चांगली मांडली असं नाही. मध्येच माझा आवाज चढला आणि मुलं जरा दबली. शेवटी ओळ राहिली: ‘प्रवासी संच: ६ पैकी ० जिवंत. बंद गाडीत उन्हात राहिला. तापमानाची नोंद नाही.’ कॉलेजच्या सादरीकरणात परीक्षकांनी पॅराशूटबद्दल विचारलं.

बरण्या अजून गच्चीत आहेत. एक उडालेल्यांच्या वंशाची, एक घरच्यांची. लेबलं मुलांनी लावली, मोठ्या अक्षरांत, पेन्सिलीने. परवा सेक्रेटरी टाकी बघायला वर आले होते. बरण्यांपाशी थांबले, हात मागे बांधून वाकले.

“यातली वर जाऊन आली ती कुठली?”

मी दाखवली. त्यांनी ती बघितली, मग दुसरी बघितली, मग परत पहिली.

“दोन्ही सारख्याच दिसतात की.”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि दुसऱ्या बरणीवरचं लेबल वाचलं. मग माझ्याकडे पेन्सिल मागितली. “‘जमिनीवरिल’ लिहिलंय यांनी,” ते म्हणाले. “री दीर्घ.”